ई-रीडरमधल्या मराठी पुस्तकांची घरच्या घरी दुरुस्ती

ई-रीडर सुरू केला, पुस्तकांची यादी समोर आली आणि तीत 'ग्रामगीता' सापडतच नाही. ती असते, पण 'मायक्रोसॉफ्ट वर्ड – डॉक्युमेंट १' अशा नावानं, आणि लेखकाच्या जागी 'ॲडमिन'. उघडावी तर ओव्या एकमेकींत मिसळून सलग परिच्छेद झालेला, अनुक्रमणिकेत एकही अध्याय नाही, वेलांटी एका अक्षरावरून सुटून शेजारच्याला लागलेली. अचलपूर-परतवाड्याकडच्या वाचकांच्या हाती व्हॉट्सॲपवरून किंवा पेनड्राइव्हवरून पोचणाऱ्या मराठी पुस्तकांची अवस्था बहुतेक वेळा अशीच असते. किंडलच्या दुकानात डिसेंबर २०१६पासून मराठी पुस्तकं मिळतात आणि ती बऱ्यापैकी नीट असतात. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, माधानचे गुलाबराव महाराज, रिद्धपूरची महानुभाव परंपरा, वऱ्हाडी बोलीतली कविता असं आपल्या मातीतलं वाचायचं म्हटलं, की कुणीतरी आपुलकीनं टंकलेली फाइल हाच बहुधा आधार. ती फाइल दुरुस्त करता येते. त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही. संगणक, छापील प्रत आणि चिकाटी एवढं असलं की पुरतं.

आधी एक पथ्य. दुरुस्ती ई-रीडरवर करायची नसते. उपकरणावर पुस्तक वाचता येतं, पुसता येतं, एखाद्या संग्रहात टाकता येतं. आतला मजकूर बदलता येत नाही. ते यूएसबीनं जोडून त्यातल्याच फाइलवर काम करण्याचा मोहही टाळा. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि यूपीएस नसलेल्या संगणकावर कॉपी चालू असताना ती गेली की फाइल अर्धवट लिहिली जाते. मग पुस्तक उघडतच नाही. म्हणून तीन प्रती वेगळ्या ठेवा: आली तशी मूळ प्रत, जिच्यावर काम चाललंय ती प्रत आणि ई-रीडरवर जाणारी तयार प्रत. मूळ प्रत पेनड्राइव्हवरही असू द्या आणि तिला कधीच हात लावू नका.

कामाचं हत्यार म्हणजे कॅलिबर. हा प्रोग्राम मोफत आहे. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरनं २००६ साली सोनीच्या पीआरएस-५०० या ई-रीडरसाठी तो लिहायला घेतला; तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, 'कॅलिबर' हे नाव २००८ साली आलं. आज पुस्तकांची नोंद ठेवणं, एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणं, आतला मजकूर सुधारणं आणि उपकरणावर पाठवणं ही चारही कामं तो करतो. घरी संगणक नसेल तर त्याची 'पोर्टेबल' आवृत्ती पेनड्राइव्हवर ठेवता येते. तुमचा सगळा ग्रंथसंग्रह त्याच पेनड्राइव्हवर राहतो आणि नातेवाइकाच्या किंवा सायबर कॅफेतल्या विंडोज संगणकावरही काम पुढं नेता येतं. मात्र कॅफेतल्या संगणकावर ॲमेझॉनच्या खात्यात लॉगिन करू नका. पुस्तक तयार करून घरी आणा आणि फोनवरून पाठवा.

सुरुवात नावापासून करावी, कारण नाव चुकलं की पुस्तक असूनही नसल्यासारखं. कॅलिबरमध्ये पुस्तक घेऊन 'एडिट मेटाडेटा' उघडा. शीर्षक, लेखक, भाषा, प्रकाशक, मालिका, मुखपृष्ठ हे सगळं तिथं भरता येतं. आपल्याकडच्या पुस्तकांची एक खास अडचण इथंच निघते. लेखकाच्या नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असं धरून कॅलिबर यादी लावण्यासाठीचं नाव आपोआप तयार करतो. त्यामुळे तुकडोजी महाराज, गुलाबराव महाराज, गाडगे महाराज हे सगळे 'महाराज' या आडनावाखाली एकत्र येतात आणि साने गुरुजी 'ग'मध्ये जातात. 'ऑथर सॉर्ट' हा रकाना हातानं दुरुस्त करा: तिथं 'तुकडोजी महाराज' असं सरळच लिहा, मधे स्वल्पविराम नको. 'वंदनीय राष्ट्रसंत' ही आदराची पदं मुखपृष्ठावर आणि आत जरूर असू द्यावीत, पण यादीच्या रकान्यात ती प्रत्येक वेळी सारखीच लिहिली जात नाहीत आणि एकाच लेखकाच्या चार नोंदी होतात. तसंच एकच लिपी धरा. अर्धी पुस्तकं रोमन नावांनी आणि अर्धी देवनागरीत असली तर यादीचे दोन तुकडे पडतात. मराठी पुस्तकं देवनागरीतच नोंदवावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं भरल्यावर बरेच जण एका जागी अडकतात. कॅलिबरमध्ये नाव बदललं की ते कॅलिबरच्या नोंदवहीत बदलतं, पुस्तकाच्या फाइलमध्ये लगेच नाही. 'सेंड टू डिव्हाइस' किंवा 'सेव्ह टू डिस्क' म्हटलं की नवं नाव फाइलमध्ये शिरतं. कॅलिबरच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइल हातानं उचलली आणि ई-रीडरवर टाकली, तर तिथं पुन्हा 'ॲडमिन' दिसणार. त्या फोल्डरांची नावं कॅलिबर देवनागरीतून रोमनमध्ये आणून स्वतःच ठरवतो. ती विचित्र वाटली तरी बदलू नका, नाहीतर त्याला पुस्तक सापडत नाही.

आता फाइलच्या प्रकारांविषयी थोडक्यात. कामाची प्रत ईपब प्रकारात ठेवा. ईपब हे २००७ सालापासून मान्य असलेलं खुलं मानक आहे आणि ती फाइल म्हणजे एक झिप गठ्ठा असतो: आत मजकुराची पानं, मांडणीची फाइल, चित्रं, फाँट आणि या सगळ्यांची यादी. कोबो आणि बहुतेक ई-रीडर ईपब थेट उघडतात. किंडलवर ती नुसती कॉपी करून चालत नाही. कॅलिबरमधून यूएसबीनं पाठवली तर वाटेत तिचं रूपांतर एझेडडब्ल्यू३ प्रकारात होतं. 'सेंड टू किंडल'नं पाठवली तर रूपांतर ॲमेझॉनकडे होतं. मोबी हा जुना प्रकार 'सेंड टू किंडल' आता स्वीकारत नाही, त्यामुळे जुन्या मोबी फाइली ईपबमध्ये आणून ठेवा.

'सेंड टू किंडल'च्या वाटेनं मराठी पुस्तक गेलं आणि पानभर डोक्यावर खुणा असलेली परदेशी अक्षरं आली, तर घाबरून फाइल टाकून देऊ नका. ईपबमधल्या प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत, मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीनं साठवला आहे, असं नोंदवायला हवं. ती ओळ नसली की पुढचा प्रोग्राम त्याला युरोपातल्या जुन्या पद्धतीचा मजकूर समजतो. इंग्रजी पुस्तकात यानं फारसा फरक पडत नाही, म्हणून ही उणीव कुणाच्या लक्षात येत नाही. मराठी पुस्तक मात्र सबंध वाचेनासं होतं. कॅलिबरमध्ये ईपबचं पुन्हा ईपबमध्येच रूपांतर केलं की ती ओळ सगळ्या पानांवर येते. त्याच वेळी भाषेच्या रकान्यात 'मराठी' आहे ना ते पाहा. तो रकाना रिकामा किंवा चुकीचा असेल तर शब्दकोश भलताच उघडतो आणि वाचून दाखवणारा आवाजही भलत्या भाषेचा लागतो. गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले आणि आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांकडून वाचून घेऊन प्रचंड ग्रंथरचना केली. त्यांची पुस्तकं तयार करताना एखादा दृष्टिहीन वाचक ती फोनवर ऐकणार आहे, हे धरूनच भाषा आणि शीर्षकं नोंदवायला हवीत.

पीडीएफचं प्रकरण सगळ्यात चिवट आहे. ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्थेनं विनामूल्य दिलेली पुस्तकं पीडीएफमध्येच असतात, आणि सहा इंची पडद्यावर त्यांची अक्षरं बारीक दिसतात. लगेच वाटतं, कॅलिबरनं ईपब करून टाकू. मराठीत हे बहुधा फसतं. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार पानावर कुठं बसवायचे याची नोंद असते, अक्षरांच्या खऱ्या क्रमाची खात्री नसते. म्हणून पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात आणि जोडाक्षरं तुटतात. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशा जुन्या फाँटांत टंकलेलं असेल तर मजकूर म्हणून निव्वळ रोमन अक्षरांचा गोंधळ बाहेर येतो. पुस्तक एकदाच वाचायचं असेल तर पीडीएफच ठेवा, ई-रीडर आडवा धरा, आणि के२पीडीएफऑप्ट या मोफत प्रोग्रामनं समास कापून पान पडद्याच्या मापाचं करून घ्या. पुस्तक कायम संग्रही ठेवायचं असेल तर मात्र ओसीआर करा, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखून घ्या. गुगल ड्राइव्हवर पीडीएफ टाकून ती गुगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी हाती येतो. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रामही मराठी ओळखतो. त्यानंतर मुद्रितशोधन आलंच. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांची अदलाबदल, 'ख'चा 'रव' झालेला, अनुस्वार गळलेला, दंडाचा काना झालेला या नेहमीच्या चुका. त्या छापील प्रत शेजारी ठेवूनच पकडता येतात.

मजकूर हाती आला की खरं काम कॅलिबरच्या 'एडिट बुक'मध्ये. (सिजिल हा दुसरा मोफत संपादकही याच कामाचा आहे, तो फक्त ईपबवर चालतो.) डावीकडे फाइलींची यादी, मधे मजकूर, उजवीकडे पान कसं दिसेल ते. ग्रामगीतेचंच उदाहरण घेऊ. तिचे अध्याय ४१, ओव्या ४६७५. प्रत्येक अध्यायाचं नाव 'हेडिंग' म्हणून नोंदवा, नुसतं ठळक करून भागत नाही. मग 'टेबल ऑफ कंटेंट्स'मधून शीर्षकांवरून अनुक्रमणिका तयार करायला सांगितली की ४१ नोंदींची अनुक्रमणिका काही क्षणांत उभी राहते. प्रत्येक अध्याय वेगळ्या फाइलमध्ये तोडून ठेवा. कॅलिबर रूपांतर करताना २६० केबीपेक्षा मोठी फाइल आपणहून तोडतो, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक. म्हणजे मराठी मजकूर ती मर्यादा फार लवकर गाठतो आणि ओवीच्या मधेच तुकडा पडू शकतो. अध्याय आपण तोडलेले असले तर तो प्रश्न उरत नाही.

ओवीचे चरण वेगवेगळ्या ओळींत राहावेत म्हणून पूर्ण ओवी एका परिच्छेदात ठेवून चरणांमधे ओळ तोडण्याची खूण घाला. प्रत्येक चरणाला वेगळा परिच्छेद केला तर पान बदलताना ओवी मधोमध फाटते. एका परिच्छेदाला 'आतून तोडू नये' अशी सूचना मांडणीच्या फाइलमध्ये देता येते. ओवीच्या क्रमांकाभोवतीचा दुहेरी दंड हे युनिकोडमधलं स्वतंत्र चिन्ह आहे. टंकणाऱ्यांनी तिथं कुठं दोन एकेरी दंड, कुठं कीबोर्डवरच्या दोन उभ्या रेघा घातलेल्या असतात. ते सगळं एकसारखं करून घ्या.

एकसारखं करण्यासाठी 'शोधा आणि बदला' वापरावं लागतं, आणि तिथं मराठीत दोन खड्डे आहेत. पहिला न दिसणारा. 'वऱ्हाड' या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: खालचा टिंब असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढं एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पानावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही. 'ॲ'चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आलं. त्याआधी टंकलेल्या मजकुरात 'अ' आणि वरची चंद्रकोर अशी दोन चिन्हं असतात. म्हणून शोधायचा शब्द कीबोर्डवर टंकू नका, पुस्तकातूनच उचलून शोधाच्या चौकटीत डकवा, आणि एक तऱ्हा ठरवून सगळीकडे तीच ठेवा. मग ई-रीडरवर 'वऱ्हाड' शोधलं की सगळी ठिकाणं सापडतील.

दुसरा खड्डा आपल्या बोलीचा, आणि त्याबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचं आहे. शुद्धलेखन तपासणारा कोणताही प्रोग्राम वऱ्हाडी पान समोर आलं की निम्मे शब्द लाल करतो. 'मले', 'कायले', 'जवय', 'डोया', 'पानी', 'कोन', 'व्हता' या त्याच्या लेखी चुका. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली माणसं अशीच बोलतात, आणि तशी बोलतात म्हणूनच ती आपली वाटतात. एका दमात सगळं 'दुरुस्त' करण्याचं बटण दाबलं की ती बोली त्या प्रतीतून कायमची गेली. पुढं ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला मूळ काय होतं हे कळायला मार्ग उरत नाही. शिवाय शब्दाच्या पोटातले शब्दही बदलतात: 'पानी'चं 'पाणी' केलंत की 'जपानी'चं 'जपाणी' होतं, 'कोन'चं 'कोण' केलंत की 'कोनाडा'चा 'कोणाडा'. एकेक ठिकाण पाहून बदला, 'रिप्लेस ऑल' वापरू नका. एखादा शब्द ओसीआरची चूक आहे की बोलीचं रूप, असा प्रश्न पडला तर तो घरातल्या जुन्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. बोलीतला असेल तर ते लगेच सांगतील. तेवढ्यानं न सुटलं तर छापील प्रतीत आहे तेच ठेवा.

फाँटचं काम शेवटी करावं. ई-रीडरमधल्या देवनागरी फाँटनं भागत असेल तर काहीच करू नका. जोडाक्षरं तुटत असतील किंवा ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर मुक्त, नोटो सेरिफ देवनागरी किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका यांपैकी एखादा मोफत फाँट पुस्तकातच बसवा. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल, तर यांसारखे फाँट मराठी वळणाची अक्षरं आपणहून निवडू शकतात. भाषेच्या रकान्याचा हा आणखी एक फायदा. किंडलवर पुस्तकातला फाँट दिसण्यासाठी फाँटच्या यादीतून 'पब्लिशर फाँट' निवडावा लागतो. फाइल हलकी करण्यासाठी 'पॉलिश बुक्स'मध्ये फाँटमधली न वापरलेली अक्षरं काढून टाकण्याची सोय आहे. ती वापरली तर नंतर 'क्ष', 'ज्ञ', 'ष्ट्र', 'ऱ्ह' असलेली पानं डोळ्यांनी तपासा.

सगळं झाल्यावर 'चेक बुक' चालवा, दाखवलेल्या चुका दुरुस्त करा, आधीची प्रत ई-रीडरवरून पुसा आणि मगच नवी पाठवा. शीर्षक बदललेलं असताना जुनी प्रत न पुसता पाठवलं तर दोन्ही राहतात. वाचनाला सुरुवात करण्यापूर्वीच दुरुस्ती उरकलेली बरी, कारण मजकूर पुढंमागं सरकला की आधीच्या खुणा आणि टिपणं भलत्या ओळीवर जातात. वाचून झालेल्या पुस्तकाला हात लावायचा असेल तर किंडलमधल्या 'डॉक्युमेंट्स' फोल्डरातली 'माय क्लिपिंग्ज' ही साधी मजकुराची फाइल आधी संगणकावर उतरवून घ्या. तुम्ही अधोरेखित केलेलं सगळं तीत असतं.

विकत घेतलेल्या बहुतेक पुस्तकांना हे काही लागू नाही. त्यांना कुलूप असतं, आणि हक्कभंगाच्या हेतूनं ते तोडणं हा कॉपीराइट कायद्यातल्या, २०१२ साली आलेल्या कलम ६५एनुसार गुन्हा आहे. २६ फेब्रुवारी २०२५पासून किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवण्याची सोयही ॲमेझॉननं बंद केली. अशा पुस्तकात चूक दिसली तर ती ओळ निवडून चूक कळवण्याचा पर्याय किंडलवर असतो, तो वापरा.

कुलूप नसलेल्या फाइलबद्दलही हिशोब नीट ठेवावा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. गुलाबराव महाराज १९१५ साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन केव्हाच मुक्त झालं आहे. मात्र निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या ग्रंथाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, आणि नव्या आवृत्तीतल्या प्रस्तावनेचा, टिपांचा हक्क ज्याचा त्याचा. तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८चं, म्हणजे सर्वसाधारण नियमानं ती मुदत ३१ डिसेंबर २०२८ला संपते. तोवर स्वतःच्या वाचनासाठी आपली प्रत नीट करून घेणं वेगळं आणि ती शंभर जणांना पाठवणं वेगळं. पाठवायची असेल तर प्रकाशकाला विचारा.

मुक्त ग्रंथाची दुरुस्त प्रत दुसऱ्याला देणार असाल तर तिच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा: कोणत्या छापील आवृत्तीवरून मजकूर घेतला, तुम्ही काय बदललं, काय मुद्दाम तसंच ठेवलं आणि दुरुस्तीची तारीख. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि महानुभावांनी ती आठवणींतून पुन्हा उभी केली. त्यामुळे त्याचे अनेक पाठ झाले आणि संशोधकांना आजही ते ताडून पाहावे लागतात. फाइलीचे पाठ त्याहून झपाट्यानं वाढतात, कारण प्रत करायला एक क्षण पुरतो. मजकूर मराठी विकिस्रोतावरून घेतला असेल तर सापडलेल्या चुका तिथंही दुरुस्त करा. पुष्कळ ग्रंथांत मजकुराच्या शेजारीच छापील पानाचं चित्र दिसतं, त्यामुळे ताडून पाहणं सोपं जातं. तिथून ईपब उतरवण्याची सोय आहे, आणि तुमच्यानंतर जो कुणी ते पुस्तक उतरवेल त्याला दुरुस्त प्रतच मिळेल.